पहिल्या हाकेला ओ

शीड धाडकन खाली आलं तेव्हा मी कांदा चिरत होते.

तोपर्यंत सगळं कसं छान चाललं होतं. दुपारचा वारा मागून लागला होता, गलबत एका अंगावर किंचित कललेलं होतं आणि आबा, म्हणजे माझे वडील, गलबताच्या पार पुढच्या टोकाला, धोतराचा काचा मारून उभे होते. पाण्यात त्यांना काहीतरी दिसलं असावं. त्यांनी मागे वळून हाक मारली, "द्वारका!"

द्वारका म्हणजे माझी आई. ती माझ्या शेजारीच, मागच्या तट्ट्याच्या छपराखाली सूप घेऊन तांदूळ निवडत बसली होती. तिनं एक खडा काढला, समुद्रात टाकला आणि दुसरा शोधायला लागली.

आणि मग एकच गोंधळ झाला. कुणीतरी दोर सोडला, ते थोरलं शीड आडव्या वाशासकट घसरत खाली आलं, एका खलाशानं भलीमोठी फळी उचलून पाण्यात फेकली, दुसरे दोघे कठड्यावरून वाकून लाटांत काहीतरी शोधायला लागले. सुकाणूवरचा माणूस गलबत वळवायला बघत होता. मला वाटलं आता आपण बुडतो. मी सुरी हातात धरून तशीच उभी राहिले.

बुधाजी तांडेल, म्हणजे गलबताचे कप्तानच म्हणा, धावत मागे आले आणि आईला बघून जागच्या जागी थांबले.

"वयनीनू, तुमी हयसरच आसात?"

आई "हो" म्हणाली.

"मगे ओ कित्याक दिलीत नाय?"

आईनं सवयीनं माझ्याकडे पाहिलं. आमच्या घरात असा प्रसंग आला की उत्तर द्यायचं काम माझं असे. मी म्हटलं, तिला ऐकू आलं नसेल. बुधाजी आबांना वर्षानुवर्षं ओळखत होते, त्यामुळे त्यांना काय समजायचं ते समजलं असणार. पण ते रागावले नाहीत. आईसमोर उकिडवे बसले आणि शाळेतल्या पोराला सांगावं तसं सांगायला लागले.

"जमनीर तुमी कायव करा. हयसर हाक इली की ओ दिवचीच लागता. ओ इली तर माणूस आसा. ओ नाय इली तर माणूस दर्यात पडलो. दुसरी हाक मारूक वेळ नसता, वयनीनू. दुसरी हाक मारीसर गलबत फुडे जाता आणि माणूस मागे रवता."

आईनं मान खाली घातली. एवढ्या माणसांची धावपळ आपल्यापायी झाली याची तिला लाज वाटली असावी. खलाशांनी ती फळी कशीबशी गळ टाकून परत मिळवली, शीड पुन्हा चढवलं आणि पुढे उभे असलेले आबा कानकोंडे होऊन आपल्या जागी जाऊन बसले. त्यांना पाण्यात काय दिसलं होतं ते विचारायचं राहूनच गेलं.

आता सांगते, आई ओ का देत नव्हती ते.

मी पंधरा वर्षांची असताना आबांनी माझा धाकटा भाऊ श्रीपाद बडोद्याच्या त्यांच्या थोरल्या भावाला दत्तक दिला. थोरल्या काकांना मूलबाळ नव्हतं. दिवाळीत ते आले, श्रीपाद त्यांच्या अंगाखांद्यावर खेळला आणि आबांनी शब्द देऊन टाकला. आईला विचारलं नाही. तिला कळलं तेव्हा भटजींचा मुहूर्तसुद्धा ठरला होता. शब्द दिला म्हणजे दिला, हे आबांचं आयुष्यभराचं ब्रीद. आई रडली नाही, भांडली नाही, माहेरी गेली नाही. तिनं तीन वर्षांच्या श्रीपादला न्हाऊमाखू घालून, नवं झबलं घालून बैलगाडीत बसवलं आणि त्या दिवसापासून आबांशी बोलणं बंद केलं. श्रीपाद तिकडे चांगला वाढला, शिकला. सुटीत आला की आईला तो काकू म्हणायचा.

अबोला धरला तरी संसार थांबत नाही. तो माझ्यामार्फत चालायचा. "माणिक, त्यांना सांग, ताट वाढलंय." "माणिक, तुझ्या आईला सांग, मी देवळात जाऊन येतो." दोघं एकाच खोलीत, मधे मी. मी त्या घरातलं पोस्ट होते, तेही बिनतिकिटाचं. पुढे मी आमच्या देवगडच्याच शाळेत शिकवायला लागले तरी हे काम काही सुटलं नाही. कधी कधी मी निरोप मुद्दाम चुकीचा सांगायची. कुणीतरी चिडून सरळ बोलेल अशी आशा असायची. पण आमची माणसं पक्की. चुकीच्या निरोपाची दुरुस्तीही माझ्यामार्फतच व्हायची.

त्या वर्षी माझं लग्न ठरलं. मुलगा नागपूरचा. तुळशीचं लग्न झालं की आमचंही उरकायचं होतं. सगळे खूश होते आणि मला एकाच गोष्टीची काळजी लागून राहिली होती. मी गेल्यावर हे दोघं त्या घरात काय करणार? कोण कुणाला सांगणार की ताट वाढलंय?

उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही तिघं मुंबईला साड्या-भांड्यांच्या खरेदीसाठी गेलो होतो. परतताना आबा बोटीची तिकिटं काढायचं नाव काढेनात. दोन दिवसांनी कळलं की त्यांच्या मनात काय आहे. आबा जन्मभर बंदरावर कारकून होते. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गलबताला निघायची परवानगी त्यांच्या सहीनं मिळायची आणि स्वतः मात्र ते कधी शिडाच्या गलबतात बसले नव्हते. आता सेवेतून मोकळे झाले होते. बुधाजी तांडेलाचं गलबत सिमेंटच्या गोणी आणि घासलेटचे डबे घेऊन देवगडला निघणार होतं. पावसाळ्याआधीची शेवटची खेप. पुढच्या वर्षी त्या गलबतात इंजिन बसवायचं होतं, म्हणजे शिडावरचा हा शेवटचाच प्रवास.

"तुझ्या आईला सांग," आबा मला म्हणाले, "आपण बुधाजीच्या गलबतानं जातोय."

आई शेजारीच घडी घालत बसली होती. "त्यांना सांग, मला पोहता येत नाही."

"तिला सांग, मलाही येत नाही."

अशा रीतीनं एकमत होऊन आम्ही गलबतात चढलो. नैसर्गिक विधीची सोय काय होती ते विचारू नका. पण मागे तट्ट्याचं छप्पर होतं, लाकडी पेटीत मातीची चूल होती आणि सोमा नावाचा एक म्हातारा स्वयंपाकी होता. त्यानं पहिल्याच सकाळी आईच्या हाती सूप देऊन टाकलं आणि स्वतः विडी ओढत बसला. आईला ते आवडलं असावं. रिकामं बसणं तिला जमायचं नाही.

आणि त्याच दुपारी शीड खाली आलं.

त्या संध्याकाळी आबा पुढेच बसून होते. सूर्य पाण्याला टेकला, खलाशांनी समुद्राला हात जोडले, आणि अंधार पडायला लागला. मला वाटतं आबांनी तेवढ्या वेळात धीर गोळा केला. पुढून त्यांचा आवाज आला, दुपारपेक्षा हळू.

"द्वारका."

सुकाणूवरच्या माणसानं मान वळवली. दोराशी बसलेले दोघं उठून उभे राहिले. सगळं गलबत आईच्या तोंडाकडे बघत होतं.

आई मात्र चुळबुळत होती. माझ्या कानाशी तोंड आणून ती म्हणाली, "तिन्हीसांज झालीय गं."

मला लगेच कळलं. आमच्या कोकणात मुलांना मुळाक्षरांच्या आधी शिकवतात ती गोष्ट ही. दिवेलागणीनंतर बाहेरून कुणी हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. भूत एकदाच हाक मारतं. माणूस असेल तर तो पुन्हा मारेल, तेव्हा ओ द्यावी. आईच्या आईनं तिला हे शिकवलं होतं, तिनं मला.

सोमानं चुलीवरून ऐकलं आणि तो हसला. "भुतां जमनीर, वयनीनू. खाऱ्या पाण्यात भूत टिकना नाय. हयसर पयल्याच हाकेक."

दोराकडे एका खलाशाचा हात गेला. आईनं ते पाहिलं आणि चटकन म्हणाली, "ओ."

अकरा वर्षांत आबांना उद्देशून तिच्या तोंडून निघालेला तो पहिला शब्द. शब्द तरी कसला, एक अक्षर. पण मला रडू फुटलं आणि मी कांद्यावर ढकललं, तेव्हा कांदा चिरत नव्हते तरी.

पुढे अंधारात आबा काही बोललेच नाहीत. त्यांनी हाक मारली होती, पण ओ आलीच तर पुढे काय बोलायचं हे त्यांनी ठरवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मात्र त्यांना जोर चढला. "द्वारका." "ओ." "तो बघ, किल्ला." थोड्या वेळानं पुन्हा, "द्वारका." "ओ." "काही नाही, म्हटलं, ऊन लागत नाही ना?" या प्रश्नाला आई उत्तर द्यायची नाही. ओ देणं हा तांडेलाचा नियम होता, पुढचं बोलणं नियमात नव्हतं. पण आबांना तेवढंही पुरत होतं. दर अर्ध्या तासाला त्यांना काहीतरी दिसायचं. उड्या मारणारे मासे, दुसरं गलबत, डोंगरावरचं देऊळ. खलाशी गालात हसायला लागले. आबांनी हाक मारली की सगळे हातातलं काम थांबवून कान द्यायचे आणि ओ आली की पुन्हा कामाला लागायचे. आईच्या ध्यानात आलं तसे तिचे कान लाल व्हायला लागले. तिच्या वयाला ते शोभून दिसत होतं, हे मी तिला सांगितलं नाही.

तेव्हा मी मनाशी ठरवलं, आता निरोप पोचवायचे नाहीत. आबांनी मला विचारलं, "तुझ्या आईला विचार, चहा मिळेल का?" मी म्हटलं, "आबा, मी या गलबतावर रजेवर आहे. ती समोर बसलीय." आबा घोटभर पाणी प्याले. पण जरा वेळानं त्यांनी हाक मारली, ओ आली, आणि मग चहाही आला. तो त्यांच्या हातात देताना आई काही बोलली नाही, पण मला मधे घातलं नाही.

मग वारा पडला.

दुपारी चालायला लागायचा वारा त्या दिवशी आलाच नाही. शीड सैल लोंबत होतं, पाणी तेल ओतल्यासारखं सपाट, आणि किनारा समोर दिसत असून जवळ येत नव्हता. खलाशी सावली धरून झोपले. बुधाजी म्हणाले, वाट बघूचीच लागात, आणि तेही आडवे झाले. आबा आमच्या छपराखाली येऊन बसले, कारण बाहेर ऊन मी म्हणत होतं. तिघांना पुरेल एवढीच सावली होती. अकरा वर्षांत आम्ही एवढे जवळ बसलो नव्हतो.

आई किनाऱ्याकडे बघत होती. बघता बघताच ती बोलली, हाक नव्हती, काही नव्हतं.

"तो झोपताना माझ्या कानाची पाळी धरून झोपायचा. हे तुम्ही त्यांना सांगितलं होतं का?"

आबांना कुणाबद्दल हे विचारावं लागलं नाही. त्यांचा चेहरा बघवेना. ते खूप वेळ बोललेच नाहीत. मी उठून जावं की बसावं ते मला कळेना, आणि उठायला जागाही नव्हती.

"गलबतावर ओ द्यायची असते," आई म्हणाली. आवाज कडक होता, पण ती प्रथमच त्यांच्याकडे वळून बघत होती.

"नाही सांगितलं," आबा म्हणाले. "मला माहीतच नव्हतं."

"तुम्हाला कसं माहीत असणार. तुम्ही विचारलंच नाहीत."

"नाही विचारलं."

एवढं बोलून आबा थांबतील असं मला वाटलं. चूक कबूल करणं हे त्यांच्या स्वभावात नव्हतं. पण ते बोलत राहिले. श्रीपादला नेल्यावर त्या वर्षीच्या शिमग्यात ते कचेरीच्या कामाला म्हणून मुंबईला गेले होते. तेव्हा ते मुंबईला थांबलेच नव्हते. बडोद्याला गेले होते, पोराला परत आणायला. थोरल्या भावाच्या फाटकापाशी पोचले तर श्रीपाद अंगणात वहिनीच्या मागे मागे पळत होता आणि तिला आई म्हणत होता. आबा तिथूनच मागे फिरले. कुणाला दिसलेसुद्धा नाहीत.

"मला का नाही सांगितलंत?" आईनं विचारलं.

"तू बोलत नव्हतीस."

"मी बोलत नव्हते. ऐकत होते ना."

मग आई रडली. ते सगळं रडणं एवढी वर्षं कुठे ठेवलं होतं कोण जाणे. आबांनी खांद्यावरचा पंचा तिच्यापुढे केला आणि तिनं तो घेतला. खलाशी झोपेचं सोंग घेऊन पडले होते. एवढ्या शांततेत त्यांना अक्षर न् अक्षर ऐकू गेलं असणार, पण एकानंही कूस बदलली नाही. दर्यावरची माणसं तशी फार सभ्य.

वारा उन्हं कलल्यावर आला. त्यानंतरच्या प्रवासात मी खरोखरीची रजा उपभोगली. फार काही बोलायची नाहीत ती. पण हाक यायची, ओ जायची, आणि ओच्या मागून दोन-चार शब्द जायला लागले. माझ्या लग्नात मांडव मागच्या दारी घालायचा की पुढच्या, यावर त्यांचा मतभेदसुद्धा झाला. दोघं सरळ एकमेकांशी भांडत होती आणि मला त्याचं कोण कौतुक. नागपूरला जायला मी आता मोकळी झाले असं मला वाटलं. विजयदुर्ग मागे पडला तेव्हा आबा बुधाजींना म्हणत होते, जरा सावकाश घे, कसली घाई आहे. बुधाजी हसून म्हणाले, वाऱ्याक सांगा कारकुनानू, माका कित्या सांगतात?

देवगडच्या खाडीत आम्ही शिरलो तेव्हा दिवस मावळायला आला होता. होडीतून उतरलो, बैलगाडीत सामान टाकलं आणि घरी पोचेपर्यंत अंधारून आलं. घर महिनाभर बंद होतं. कोंदट वास येत होता. मी खिडक्या उघडत मधल्या घरात फिरत होते, आई पाय धुवायला मागच्या विहिरीवर गेली आणि आबा पुढच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, गाडीवानाला वाटेला लावून ओटीवर येऊन बसले.

मग त्यांनी हाक मारली.

"द्वारका."

बरोबर गलबतावरची हाक. तोच सूर, तेवढीच मोठी. मी खिडकीचा अडसर हातात धरून थांबले. आता ओ येईल म्हणून मी हसायलासुद्धा लागले होते. घर लांबलचक आहे, पण विहिरीवर ओटीवरची हाक नक्की पोचते. कितीतरी वेळा पोचलेली होती.

ओ आली नाही.

आबाही थांबले होते. ते श्वास रोखून थांबलेत हे मला भिंतीपलीकडूनही कळत होतं. इथे कुणी दोर सोडणार नव्हतं, फळी टाकणार नव्हतं. बऱ्याच वेळानं त्यांचा आवाज आला, जुना, घरातला.

"माणिक, तुझ्या आईला सांग, दिवा लाव म्हणावं."

मी मागच्या दारी गेले. आई विहिरीपाशी उभी होती. हात रहाटाच्या दोरावर, घागर अर्ध्यावर लटकलेली, आणि मान घराकडे वर केलेली. पाणी ओढायचं विसरून ती तशीच उभी होती.

"आबा म्हणतायत, दिवा लाव."

"एवढंच म्हणाले?"

"हो."

तिनं घागर वर ओढली. "त्यांना सांग, लावते."

माझी रजा संपली. त्या रागात मी दोघांशीही धड बोलले नाही. मला वाटलं, आईनं पाय जमिनीला लागताच पुन्हा हट्ट धरला. चार दिवस बोलली ती तांडेलाच्या धाकानं. आबांनाही तेच वाटलं. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आले तेव्हा आबांना घेऊन मी बंदरावर फिरायला गेले होते. बुधाजींच्या गलबताचं इंजिन धडधडत होतं, डोलकाठी बुंध्यापाशी कापून टाकली होती. मी आबांना म्हटलं, त्या दिवशी पुन्हा एकदा हाक मारायची होतीत.

"गलबतावर काय शिकलो मग?" ते म्हणाले. "ओ यायची तर पहिल्या हाकेला येते. नाही आली तर माणूस गेलं समजायचं." मग म्हणाले, "तिला यातलं काही सांगू नकोस. मागून घेतलेली ओ मला नको."

माझ्यामागे ती दोघं मांजरामार्फत बोलायला लागली. "मने, कुणाला तरी सांग, आमटी निवतेय." आलेले पाहुणे हसायचे. मीही कधी कधी हसले आहे. अशी वीस-बावीस वर्षं गेली आणि एक दिवस आबा बाजारातून येताना पाणंदीतच खाली बसले ते उठले नाहीत. आईनं दिवसकार्य सगळं रीतसर केलं. चेहऱ्यावरून काही कळू दिलं नाही.

वर्षश्राद्धाला मी गेले होते. पाहुणे पांगले, आम्ही दोघी स्वयंपाकघरात निवांत बसलो होतो. आई कुळीथ निवडत होती. बाहेर अंधार पडला होता, दिवा अजून लावायचा होता. पाणंदीतून शेजारच्या सुनेची हाक आली, "काकीनू."

"ओ," आई म्हणाली. हाक संपायच्या आत.

सून ताकाचं भांडं ठेवून गेली. मी आईची थट्टा केली. म्हटलं, "आजी असती तर तुला रागावली असती. तिन्हीसांजेची पहिल्या हाकेला ओ देतेस?"

आई कुळथातलं काहीतरी बोटानं बाजूला करत राहिली.

"आपण गलबतानं आलो ना, त्या दिवशी," ती म्हणाली, "मी विहिरीवर होते. त्यांनी हाक मारली. ओ माझ्या तोंडात आली होती, माणिक. अगदी ओठांपर्यंत आली होती. पण पायाखाली जमीन होती आणि अंधार पडलेला. मनात म्हटलं, दुसरी येऊ दे. दुसरी आली की देते. मी घागर तशीच धरून उभी राहिले. आणि तू आलीस."

मी तिच्याजवळ सरकून बसले.

"तू म्हणालीस, दिवा लाव. म्हटलं, झालं. गलबतावरची मजा गलबतावर राहिली. घरी आल्यावर ते पुन्हा तुझ्या तोंडून बोलायला लागले."

"मग तू का नाही हाक मारलीस त्यांना?"

"आम्ही बायका कुठं हाक मारायचो गं? हाक त्यांनी मारायची, ओ मी द्यायची. मला वाटायचं, आज मारतील, उद्या मारतील. आमच्यात बोलायचं तर सगळं गलबतावरच बोलून झालं होतं. फक्त ओ द्यायची राहिली होती."

आबांनी सांगू नकोस म्हटलं होतं. पण आता कुणासाठी पाळायचं ते? बंदरावर ते काय म्हणाले होते ते मी तिला सगळं सांगितलं. पहिली हाक, माणूस गेलं समजायचं, मागून घेतलेली ओ नको. ती ऐकत राहिली. सूप मांडीवर तसंच राहिलं.

"त्यांना कळायला नको होतं का?" मी चिडून म्हटलं. मला दोघांचाही राग आला होता आणि दोघांचीही कीव येत होती. "तेही इथलेच ना? तिन्हीसांजेची कुणी पहिल्या हाकेला ओ देतं का?"

"दर्यावरून आले होते," आई म्हणाली. "विसरले असतील."

ती दिवा लावायला उठली. काडी ओढून वात पेटवली. मग दिवा कोनाड्यात ठेवताना माझ्याकडे पाठ करूनच म्हणाली, "आता मी कुणाच्याही पहिल्या हाकेलाच ओ देते. लोक नावं ठेवतात. ठेवू देत."

"अगं, पण एखादवेळी खरंच—"

"भूत एकदाच हाक मारतं, असं आईच सांगायची ना माझी?" ती म्हणाली. "मग मारू दे त्यांना एकदाच."